वलयसंरक्षण : एका समासाचा विग्रह

तांत्रिक परिभाषेचा विचार करताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : अमुक इंग्रजी नामाला मराठी प्रतिशब्द कोणता? १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषाकोशांचे जे मोठे कार्य महाराष्ट्रात झाले, त्याचाही मुख्य भर नामांवरच राहिला. या कार्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु एखादी यंत्रणा समजणे म्हणजे केवळ तिच्या भागांची नावे ठाऊक असणे नव्हे. कोण काय करतो, कोणत्या साधनाने करतो आणि कोणाला कोणापासून राखतो, हे उमगणे म्हणजे यंत्रणा समजणे होय. हे ज्ञान भाषेत मुख्यतः विभक्तीच्या आणि क्रियापदाच्या द्वारे व्यक्त होते. नामांवर सारा भर दिल्याने काय हातचे जाते, हे एका मर्यादित उदाहरणावरून तपासून पाहावे, एवढाच येथे उद्देश आहे.

उदाहरण इथरनेट-स्विचांच्या जाळ्यातील आहे. या क्षेत्रात ज्यांना ‘रिंग प्रोटेक्शन’ प्रोटोकॉल म्हणतात, त्यांतील प्रमुख नियमसंहिता आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘जी.८०३२’ या शिफारशीच्या रूपाने २००८ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१० मध्ये तिची विस्तारित आवृत्ती काढली. ‘रिंग प्रोटेक्शन’ या जोडशब्दाचे मराठी रूपांतर ‘वलयसंरक्षण’ असे सहज होते आणि कोशकाराचे काम तेथे संपते. आमच्या मते अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते.

१

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात झाला. त्यात माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते. या तुकड्यास फ्रेम म्हणतात. फ्रेम कोणत्या पत्त्यावर जावयाची हे तिच्या शिरोभागी लिहिलेले असते. स्विच हे शिकणारे यंत्र आहे. कोणत्या पोर्टाकडून कोणत्या पत्त्याची फ्रेम आली, हे ते टिपून ठेवते आणि पुढे त्या पत्त्याकडे जाणारी फ्रेम त्याच पोर्टातून सोडते. पत्ता ठाऊक नसेल, अथवा फ्रेम सर्वांसाठी असेल, तर ती ज्या पोर्टातून आली तेवढे वगळून बाकी सर्व पोर्टांतून ते सोडून देते.

या सरळ व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. आंतरजालाच्या आय.पी. या व्यवस्थेत प्रत्येक पुडक्यावर एक उतरता आकडा असतो. प्रत्येक मुक्कामी तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पुडके नष्ट केले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नाही. तिला मरण नाही. स्विच एका रेषेत जोडलेले असतील तर यात काही बिघडत नाही, कारण रेषेला शेवट असतो. परंतु शेवटचा स्विच पहिल्याला जोडून वर्तुळ पुरे केले, की सर्वांसाठी सोडलेली फ्रेम दोन्ही दिशांनी फिरू लागते व फिरतच राहते. अशा फ्रेमांची भर पडत जाऊन थोड्याच अवधीत तारा त्यांनीच भरून जातात. एकाच संगणकाचा पत्ता आता या बाजूने तर आता त्या बाजूने आल्याचे दिसून स्विचांचे शिकणेही भरकटते. यास प्रसारण-वादळ असे नाव आहे.

असे असता वर्तुळ जोडावेच का? कारण रेषेतील एक तार तुटली तर तिच्या पलीकडचे सारे गाव मुके होते. वर्तुळात एक तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट उरते. म्हणजे ज्या जोडणीमुळे वादळाचा धोका उद्भवतो, तीच जोडणी तुटीच्या वेळी उपयोगाची ठरते. या पेचातून काढलेली पहिली सर्वमान्य वाट ‘स्पॅनिंग ट्री’ ही होय. रेडिया पर्लमन यांनी ती १९८५ मध्ये योजली आणि १९९० मध्ये तिला प्रमाणपद मिळाले. तीत स्विच आपसांत संदेश पाठवून जादा जोडण्या बंद ठेवतात, व उरलेल्या जाळ्यास वृक्षाचे रूप येते. मात्र तीत तार तुटल्यावर नवा वृक्ष उभा राहण्यास रूढ मापांनुसार ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारणेने हा काळ पुष्कळ घटला. परंतु दूरध्वनीच्या जुन्या वलयांनी ५० मिलिसेकंदांची जी सवय लावली होती, तिच्या तुलनेत हमी अपुरीच होती. वलयाची रचना आधीच ठाऊक असताना प्रत्येक वेळी संबंध जाळ्याचा विचार नव्याने कशास करावा, या प्रश्नातून वलयापुरते खास प्रोटोकॉल निघाले. एक्स्ट्रीम नेटवर्क्स या कंपनीची अशी पद्धती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. कारखान्यांसाठी ‘एम.आर.पी.’ ही पद्धती आली, आणि दूरसंचारासाठी वर सांगितलेली जी.८०३२.

२

जी.८०३२ चे वर्तन थोडक्यात असे आहे. वलयातील एक दुवा आधीच निवडून ठेवलेला असतो. त्यास ‘रिंग प्रोटेक्शन लिंक’ म्हणतात. त्याच्या एका टोकाचा स्विच त्याचा ‘ओनर’, म्हणजे मालक. सर्व ठीक असताना मालक हा दुवा सामान्य वाहतुकीस बंद ठेवतो. तारांकडे पाहिले तर वलय पुरे आहे. वाहतुकीकडे पाहिले तर ती रेषाच आहे.

आता दुसरीकडे कोठे तार तुटली, तर तिच्या दोन्ही टोकांचे स्विच प्रथम त्या बाजूचे पोर्ट बंद करतात आणि मग तुटीची वार्ता वलयात सोडतात. वार्तेच्या पहिल्या तीन प्रती लागोपाठ जातात व नंतर दर ५ सेकंदांनी एक. वार्ता ऐकताच मालक आपला बंद दुवा उघडतो, आणि सर्व स्विच आजवर शिकलेले पत्ते विसरतात. विसरणे अवश्य असते. ते झाले नाही, तर शिकलेला पत्ता रूढ मापानुसार ३०० सेकंद टिकतो आणि तोवर फ्रेमा जुन्याच, तुटलेल्या दिशेने जात राहतात. १६ पेक्षा कमी स्विच आणि १२०० किलोमीटरपेक्षा कमी फायबर असलेल्या, सुस्थितीतील वलयात हे सारे ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावे, असे शिफारशीचे उद्दिष्ट आहे.

तार दुरुस्त झाल्यावरचा क्रम अधिक बोधप्रद आहे. दुरुस्त दुवा लगेच वाहता होत नाही. त्याचे निदान एक टोक बंदच ठेवले जाते. मालक रूढ मापानुसार ५ मिनिटे वाट पाहतो. हा काळ १ ते १२ मिनिटांपर्यंत ठरवता येतो. दुरुस्ती टिकाऊ आहे अशी खात्री पटल्यावर तो प्रथम आपला दुवा बंद करतो व तशी वार्ता देतो. ती ऐकल्यावरच दुरुस्त दुव्याचे बंद टोक उघडते.

दोन्ही प्रसंगी क्रम एकच आहे : आधी बंद करणे, मग उघडणे. म्हणून वलयात क्षणभर दोन ठिकाणी खंड असू शकेल, परंतु एकही खंड नाही अशी वेळ येऊ नये. यंत्रणेचे मर्म या एका वाक्यात आहे. ती वलय अखंड राखत नाही. ती खंड राखते आणि प्रसंगानुसार त्याची जागा बदलते.

३

आता समासाकडे वळू. ‘वलयसंरक्षण’ हा तत्पुरुष आहे यात वाद नाही. परंतु कोणत्या विभक्तीचा? मराठीत ‘संरक्षण’ हे उत्तरपद घेणारे तीन प्रकारचे समास नित्य व्यवहारात आहेत. ‘वनसंरक्षण’ म्हणजे वनाचे संरक्षण, ही षष्ठी. ‘पोलीससंरक्षण’ म्हणजे पोलिसांनी दिलेले संरक्षण, ही तृतीया. ‘पूरसंरक्षण’ म्हणजे पुरापासून संरक्षण, ही पंचमी. रूप एकच असता तिन्ही ठिकाणी आपण चुकत नाही, कारण वन, पोलीस व पूर यांच्याशी आपला परिचय आहे. पूर राखावयाचा नसतो, हे समासाने सांगितलेले नाही. ते आपल्याला नदीकाठच्या अनुभवाने ठाऊक आहे. ज्या पूर्वपदाचा असा अनुभव नाही, तेथे मात्र समास मुका राहतो आणि वाचक आपल्या अंदाजाने विभक्ती भरतो.

‘वलयसंरक्षण’ वाचणारा विद्यार्थी बहुधा षष्ठी भरतो : वलय ही मोलाची वस्तू, ती तुटू नये म्हणून तिचे संरक्षण. वर दिलेला क्रम पाहता हा विग्रह सर्वांत दुबळा ठरतो. प्रोटोकॉलला तार तुटण्यापासून वाचवता येत नाही, तुटलेली तार जोडताही येत नाही. षष्ठीचा आग्रह धरावयाचाच तर तो वाहतुकीविषयी धरावा. संरक्षण होते ते वाहतुकीचे. तृतीयेचा विग्रह खरा आहे : वलयाने, म्हणजे वलयाच्या दुसऱ्या बाजूने, वाहतुकीचे संरक्षण. परंतु तेवढ्यानेही अर्थ पुरा होत नाही. सुस्थितीच्या काळात, म्हणजे वर्षातील बहुतेक सर्व दिवस, हा प्रोटोकॉल जे काम करीत असतो ते पंचमीचे आहे : वलयापासून संरक्षण. पाणिनीने भय आणि त्राण या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत भयाच्या कारणास अपादान मानले आहे, व अपादानाची विभक्ती पंचमी होय. येथे भयाचे कारण वलय हेच आहे.

तात्पर्य, जे साधन तेच भयकारण, अशी ही विलक्षण स्थिती आहे. इंग्रजी जोडशब्द ती झाकतो आणि त्याचे मराठी रूपांतरही तितकेच झाकते. मराठीचे सामर्थ्य समास करण्यात नसून तो सोडवण्यात आहे : ‘वलयाच्या योगाने व वलयापासून वाहतुकीचे संरक्षण’. हे कोशातील नोंदीस लांब वाटेल, पण पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या परिच्छेदात याहून उपयुक्त वाक्य सुचत नाही.

४

दुसरा मुद्दा क्रियापदाचा आहे. इंग्रजी मजकुरात दुव्याच्या दोन अवस्थांसाठी दोन विशेषणे येतात : एक ‘फेल्ड’, दुसरे ‘ब्लॉक्ड’. मराठी अनुवादात दोहोंसाठी ‘बंद’ हा शब्द येण्याचा संभव असतो, आणि मग मराठीला सूक्ष्म भेद दाखवता येत नाही असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप चुकीचा आहे. नुसते ‘बंद’ हे विशेषण अपुरे आहे हे खरे. पण मराठी बोलणारा ‘बंद’ नुसता ठेवीत नाही, त्याला तो सहायक क्रियापद जोडतो. मोटर बंद पडते आणि मोटर बंद ठेवतात. पहिल्यात कर्त्याचा हेतू नाही, दुसऱ्यात हेतू आहे व तो हेतू चालू राहिला आहे. हा भेद इंदापूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. विजेअभावी बंद पडलेला पंप आणि पाळी नाही म्हणून बंद ठेवलेला पंप यांत तो गफलत करीत नाही.

हाच भेद घेऊन जी.८०३२ पुन्हा सांगून पाहावे. एक दुवा बंद ठेवलेला असतो. दुसरा बंद पडतो. बंद पडलेल्याची वार्ता येताच बंद ठेवलेला उघडतात. बंद पडलेला दुरुस्त झाला, तरी काही मिनिटे तो बंद ठेवतात. या चार वाक्यांत परिभाषेचा एकही अवघड शब्द नाही आणि यंत्रणेचा गाभा आला आहे. चौथ्या वाक्यात तर ज्या अवस्थेस इंग्रजीत ‘पेंडिंग’ असे निराळे नाव द्यावे लागते, ती केवळ ‘पडणे’च्या जागी ‘ठेवणे’ आल्याने व्यक्त होते.

यात व्यवहाराचा प्रश्नही गुंतलेला आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, रात्रपाळीवर असलेला एखादा तंत्रज्ञ डोळ्यांसमोर आणावा. पडद्यावर एक पोर्ट ‘बंद’ दिसते. त्याने ते ‘बंद पडले’ असे वाचले, तर वलय पुरे करण्याच्या सद्हेतूने तो दोन स्विचांमध्ये आणखी एक केबल जोडील, आणि ती केबल प्रोटोकॉलच्या कक्षेबाहेरची असल्याने वादळाला वाट मोकळी होईल. किंवा तुटलेली तार जोडल्यावर दोन मिनिटांनीही ती वाहत नाही असे पाहून तो दुरुस्ती फसली असे समजेल व चांगला सांधा पुन्हा उकलील. दोन्ही प्रमादांचे मूळ यंत्राच्या अज्ञानात जितके आहे, तितकेच एका क्रियापदाच्या अभावात आहे.

५

राहिला ‘रिंग’ हा शब्द. वलय, चक्र, मंडल, कडे, रिंगण असे अनेक पर्याय मराठीत उपलब्ध आहेत, आणि यांपैकी ‘रिंगण’ हा या भागातील वाचकाला सर्वांत जवळचा. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते; पुढे बेलवडीस व इंदापुरास गोल रिंगण होते. ध्वनिसाम्यही मोहात पाडणारे आहे. तथापि हा शब्द येथे वर्ज्य मानावा लागेल. रिंगणाचे सारे प्रयोजन फिरण्यात आहे. मेंढ्या पालखीभोवती धावतात, अश्व मोकळ्या वाटेने फेरी घेतो, आणि ती फेरी खंडित झाली तर रिंगण झाले असे कोणी म्हणणार नाही. इथरनेटच्या संरक्षित वलयात नेमके उलट आहे : फेरी पुरी होऊ न देणे हेच तेथले व्रत. ‘चक्र’ही याच कारणाने बाद होतो.

हा निर्णय सर्व वलयांना सारखाच लागू नाही. आय.बी.एम.च्या प्रसाराने १९८० नंतर रूढ झालेल्या ‘टोकन रिंग’मध्ये फ्रेम वलयात फिरून पाठवणाऱ्याकडेच परत येई व तोच ती काढून घेई. वीजउपकेंद्रांसाठी योजलेल्या ‘एच.एस.आर.’ पद्धतीत प्रत्येक फ्रेमच्या दोन प्रती दोन दिशांनी सोडतात, आधी पोहोचलेली घेतात व दुसरी टाकून देतात. तेथे खंड राखावाच लागत नाही. या दोहोंना ‘रिंगण’ म्हणता येईल. इंग्रजीत तिन्ही ‘रिंग’च आहेत. जी.८०३२ पुरते ‘वलय’ स्वीकारार्ह वाटते. ते आकार सांगते, गती सांगत नाही. आणि उघडझाप करता येईल असा सांधा असलेले कडे ज्याने पाहिले आहे, त्याला खंड असूनही वलय असू शकते हे पटण्यास अडचण नाही.

शिफारशीतील आणखी दोन शब्द चर्चेस पात्र आहेत. ‘ओनर’ला ‘मालक’ म्हटल्याने स्वामित्व सूचित होते. वस्तुतः त्या स्विचाकडे दुवा मिटण्या-उघडण्याची जबाबदारी तेवढी आहे. ‘राखणदार’ हा शब्द अधिक न्याय्य होय. नीरा डाव्या कालव्याच्या टापूत ‘दारे धरणे’ असा प्रयोग आहे. एका सरीचे तोंड मातीने मिटून पाणी दुसरीकडे वळवणारा मनुष्य सऱ्यांचा मालक असेलच असे नाही. पण त्या वेळी पाणी त्याच्या हाती असते. दुसरा शब्द ‘गार्ड टायमर’. त्याचे ‘पहारा-घटिका’ असे भाषांतर केल्यास अर्थ उलटा होतो. हा काळ रूढ मापाने ५०० मिलिसेकंदांचा असतो, व त्या अवधीत दुरुस्त टोकाचा स्विच वलयात अद्याप भटकणाऱ्या जुन्या वार्तांकडे दुर्लक्ष करतो. पहारेकरी कान टवकारतो. हा कान झाकून घेतो. आणि ‘सेल्फ-हीलिंग’, म्हणजे आपोआप बरे होणारे वलय, हे जाहिरातीतील रूपक तर सर्वस्वी त्याज्य आहे. जखम भरून येत नाही. तिला वळसा घातला जातो. तशात दुसरी तार तुटली तर वलयाचे दोन तुकडे पडतात, आणि त्यावर या प्रोटोकॉलजवळ उपाय नाही. ‘बरे होणारे’ म्हटल्याने ही मर्यादा वाचकाच्या दृष्टीआड होते.

६

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. तंत्रज्ञ आजही ‘रिंग’, ‘पोर्ट’, ‘लिंक’ हेच शब्द वापरतात. मग मराठीचा हा खटाटोप कशासाठी? आमचे उत्तर असे की, ते शब्द त्यांनी खुशाल वापरावेत. ‘लिंक बंद पडली’ आणि ‘लिंक बंद ठेवली’ या वाक्यांत नाम उसने आहे, ज्ञान मराठी आहे. याउलट ‘दुवा अवरोधित अवस्थेत आहे’ या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नाही, आणि तो दुवा कोणी अडवला की आपोआप अडला, हे त्यावरून कळत नाही. नामे उसनी घेऊन भाषा चालू शकते. विभक्ती आणि क्रियापदे तिला घरचीच लागतात.

हा प्रश्न यापुढे प्रयोगशाळेपुरता राहणार नाही. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची जी योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली, तिची मूळ रचना रेषेची होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात रेषेऐवजी वलयरचना स्वीकारली आहे. तेथे वाहतूक आय.पी.-एम.पी.एल.एस. पद्धतीने व्हावयाची असल्यामुळे नियम जी.८०३२ चे नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्या पद्धतीत पुडक्यावर उतरता आकडा असतो, म्हणून चुकून फेरा पडला तरी त्यास अंत असतो. अर्थात् तेथे ‘वलयसंरक्षणा’तील पंचमी क्षीण होते व तृतीया प्रबळ होते. एकच समास दोन जाळ्यांत दोन विभक्ती धारण करतो, हा भेद कोणत्याही कोशातील एका प्रतिशब्दाने दाखवता येणार नाही. ही जाळी सांभाळणारे हात मात्र तालुक्यातलेच असणार, आणि त्यांची विचार करण्याची भाषा मराठी असणार.

म्हणून पदव्युत्तर वर्गातील परिभाषेच्या अभ्यासात प्रतिशब्दांच्या याद्यांबरोबर विग्रहवाक्यांचीही नोंद व्हावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक तांत्रिक समासाशेजारी त्याची विभक्ती लिहावी, आणि प्रत्येक अवस्थादर्शक विशेषणाशेजारी त्याचे सहायक क्रियापद. ज्या समासाची विभक्ती ठरवता येत नाही, ती यंत्रणा अनुवादकाला अद्याप समजलेली नाही असे धरावे, आणि अनुवाद तेथेच थांबवून प्रथम तंत्रज्ञाकडे जावे.